सीट जरा पुढे घ्या

शेवटचा थांबा आला, बस रिकामी झाली, पण तो काही उतरेना. माझ्या ड्रायव्हरच्या सीटच्या तिरकस मागच्या बाकावर बसलेला... निळा शर्ट, मांडीवर मिटलेली छत्री, आणि नजर थेट माझ्या पाठीवर.

"उतरायचं नाहीये का?" मी आरशातून विचारलं.

"उतरायचंय... पण आधी एक सांगू? तुम्ही रागावणार नसाल तर—"

मी डोक्यावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये.

"गाडी तर उभी आहे."

"इंजिन चालू आहे."

तो निमूट उतरला. मला वाटलं, गेली पीडा. पण पठ्ठ्या पुढून वळसा घालून माझ्या खिडकीखाली येऊन उभा राहिला. पाऊस भुरभुरत होता आणि हातातली छत्री उघडायचं त्याला सुचलंही नव्हतं.

"तुमची सीट जरा पुढे घ्या," मान वर करून तो म्हणाला. "क्लच दाबताना तुम्ही सगळ्या कमरेनिशी पुढे घसरता. आणि मागच्या खिशात पाकीट ठेवून बसत जाऊ नका. एका अंगाला कलता."

"म्हणजे एवढा वेळ तुम्ही माझ्या मागच्या खिशाकडे बघत होतात?"

तो कानापर्यंत लाल झाला. "नाही... म्हणजे हो... पण मणक्यासाठी!"

मागच्या दारात उभे असलेले कंडक्टरकाका इतके हसले, की त्यांच्या हातातलं तिकिटाचं यंत्र खाली पडता पडता राहिलं. त्याने घाईघाईने एक कार्ड माझ्या खिडकीतून आत सरकवलं आणि पावसात चालू लागला. कार्डावर लिहिलं होतं— 'कायरोप्रॅक्टर. मणका आणि सांधे यांचे औषधाविना उपचार.'

काकांनी चष्मा वर करून वाचलं. "काय रे... काय रे डॉक्टर?"

झालं! तेव्हापासून तो आमच्या डेपोभर 'काय रे डॉक्टर'च झाला.

काकांना हसू येत होतं, मला मात्र येत नव्हतं. कारण त्याने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. कंबर दुखायची ती आज-कालची नव्हती. सकाळी मोजे घालायला वाकलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. बाबाही ड्रायव्हरच होते. त्यांची पाठ गेली आणि त्यांना वेळेआधी घरी बसावं लागलं. आता ते गॅलरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बसचे आवाज ऐकतात आणि गिअर कुठे चुकला ते सांगतात. आईचं तेव्हापासून एकच पालुपद— "तू डेपोतली चौकशीची खिडकी घे. पंख्याखाली बसायचं, माणसासारखं."

आणि मला हवा होता घाट. डोंगरावरच्या गावाची गाडी. आमच्या डेपोत ती अजून एकाही बाईला मिळाली नव्हती. निवड जवळ आली होती. कंबरेचं कोणाला कळलं असतं, तर माझं नाव आधी कटलं असतं. म्हणून मी कळ दाबून हसतमुख राहत होते.

तरी दुसऱ्या दिवशी मी सीट पुढे घेतली. पाकीटही डब्याच्या पिशवीत टाकलं. संध्याकाळी कंबर जराशी कमी ठणकली आणि मला त्या निळ्या शर्टाचा चांगलाच राग आला. बरोबर सांगणाऱ्या माणसाचा येतो तसा.

त्याचा दवाखाना घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर होता. लाकडी जिना, छोटीशी खोली, मध्ये तोंडापुरतं भोक असलेला गादीचा लांबट बाक, आणि कोपऱ्यात टांगलेला मणक्यांचा नमुना. खिडकी उघडी असली की तो वाऱ्याने खुळखुळायचा.

"आलात!" तो म्हणाला. मग एकदम स्वतःला सावरून, "म्हणजे... या. बसा."

"बसण्यासाठी नाही, उठता यावं म्हणून आलेय."

त्याने लगेच हात लावला नाही. आधी नुसते प्रश्न. कशी झोपता, किती पाणी पिता, मुंग्या येतात का, चालता किती. त्या ओघात मी घाटाचंही बोलून गेले. मला टाचांवर चालायला लावलं, चवड्यांवर चालायला लावलं. मला वाटलं, हा काय नाच बसवतोय का! मग कुशीवर झोपवलं, एक गुडघा पोटाशी घेतला आणि म्हणाला, "श्वास सोडा. मी काय करतोय याचा विचार करू नका."

"मग कशाचा करू?"

"घाटाचा करा. मघाशी बोलताना डोळे चमकले होते तुमचे."

मी घाटाचं पहिलं वळण मनात घेतलं, आणि कट्ट! बोटं मोडावीत तसा आवाज झाला. मी किंचाळले. खालच्या दुकानातल्या माणसाने छताला काठी ठोकली.

"ते रोजचंच आहे," तो हसून म्हणाला. उठून उभी राहिले तर कंबर खरंच मोकळी वाटत होती.

"जादू आहे तुमच्या हातात."

"अजिबात नाही." त्याचा चेहरा गंभीर झाला. "जखडलेलं थोडं सुटतं, एवढंच. बाकीचं तुमच्या हातात. चालणं, झोप, मधूनमधून उठून अंग मोकळं करणं. आणि हे सगळं करूनही काही गोष्टी माझ्या आवाक्याबाहेरच्या असतात. पायात मुंग्या वाढल्या, ताकद कमी वाटली, तर मला लगेच सांगायचं. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. ते किती अवघड जाणार आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

मी चालायला लागले. रोज पहाटे, नदीकाठच्या रस्त्याने. आई तव्यावर गरम केलेल्या वाळूची पुरचुंडी तयार ठेवायची आणि म्हणायची, "तुझ्या त्या काय रेला म्हणावं, आमच्या वाळूतही दम आहे." मी त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "शेक चांगलाच. आईंना म्हणावं, माझ्याही कंबरेला एक पुरचुंडी पाठवा."

सकाळी तो माझ्याच बसने दवाखान्यात यायचा. काकांनी एकदा हळूच कानात सांगितलं, "आधीची गाडी रिकामी जाते, तरी तो थांब्यावर उभाच असतो. छत्रीकडे बघत." माझं स्टिअरिंग उगाच हललं. तो रोज त्याच बाकावर बसायचा आणि उतरताना एकच वाक्य बोलायचा. "आज खांदे ताठ होते." "आज छान बसलात." एकदा म्हणाला, "आज... नवीन रिबीन आहे." आणि पायरी चुकून उतरला.

पण दवाखान्यात मात्र तो चार हात अंतर ठेवूनच बोलायचा. मी थट्टा केली की हसायचा, आणि लगेच नजर मणक्यांच्या नमुन्याकडे. मला कळेना, या माणसाच्या मनात आहे की नाही?

घाटाच्या चाचणीचा दिवस उजाडला. जिना उतरताना माझं उजवं पाऊल पायरीवर फट्‌कन आपटलं. पुन्हा उचललं, पुन्हा आपटलं. पाऊल जणू माझं नव्हतंच, कोणीतरी पायाला चप्पल बांधून ठेवावी तसं लोंबत होतं. मी कठडा धरला, आईकडे बघून हसले आणि रिक्षा करून थेट त्याच्याकडे गेले.

"लवकर एक कट्ट करा," मी धापा टाकत म्हणाले. "मला डेपोत पोचायचंय."

त्याने मला टाचांवर चालायला सांगितलं. डावी टाच चालली. उजवीवर उभं राहताच पाऊल खाली पडलं. त्याचा चेहरा उतरला.

"आज मी तुम्हाला हात लावणार नाही."

"काय?"

"नस दबली आहे बहुतेक. हे माझं काम नाही. आत्ता, याच पावली हॉस्पिटलला जायचं. आणि गाडीला हात लावायचा नाही."

"आज चाचणी आहे माझी! आज नाही तर कधीच नाही!" माझा आवाज चिरकला. "एवढे दिवस मणका-मणका केलात, आणि आज हात वर करता? भित्रे आहात तुम्ही!"

"हो, भ्यायलोय," तो म्हणाला. "तुमच्या पायासाठी भ्यायलोय. पण तुम्हाला एक विचारू? हाच पाय ब्रेकवर असणार आहे. मागे माणसं बसलेली असणार."

बाहेर एक बस हॉर्न वाजवत गेली. मी फोन काढला आणि डेपोच्या साहेबांना स्वतःच सांगितलं— माझा पाय काम करत नाही, माझं नाव काढा. ते वाक्य बोलताना जे वाटलं, ते कंबरेच्या कुठल्याच कळेपेक्षा भयंकर होतं. त्याने दाराला कुलूप लावलं, जिन्यात वाट बघणाऱ्या दोघा पेशंटांची माफी मागितली आणि मला धरून खाली नेलं.

हॉस्पिटलात आईने त्याला पाहिलं आणि तिचा पारा चढला. "तूच मोडलंस ना हिला? कडाकडा हाडं मोडायला कोणी सांगितलं होतं?"

तो मान खाली घालून उभा राहिला. तपासण्या झाल्या. सर्जनबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "चकती सरकून नसेवर बसलीये. पायातली ताकद जातेय, तेव्हा थांबण्यात अर्थ नाही. ऑपरेशन करू." मग आईकडे वळून, "आज आणलंत ते फार बरं केलंत. अजून कोणी चोळत-दाबत बसलं असतं, तर अवघड होतं."

थोड्या वेळाने आईने घरून आणलेल्या थर्मासमधला चहा झाकणात ओतला आणि त्याच्यापुढे धरला.

ऑपरेशन नीट झालं. पण पाऊल लगेच ऐकेना. हॉस्पिटलच्या व्यायामतज्ज्ञ बाई कडक होत्या, आणि मी त्यांच्याहून हट्टी. त्यांनी व्यायाम दहा वेळा सांगितला, की माझी अकरावी ठरलेली. डेपोचे साहेब फुलं घेऊन आले आणि चौकशीच्या खिडकीचं बोलले. "कायमची तुझीच."

"गाडी माझी आहे, साहेब," मी म्हणाले. "खिडकी कोणा गरजूला द्या."

आणि तो... तो रोज संध्याकाळी यायचा. हात मागे बांधून माझ्याबरोबर कॉरिडॉरमध्ये चालायचा.

"दवाखाना सोडून इथे कसे?"

"गर्दी कमी आहे सध्या. लोक म्हणतात, ज्याला स्वतःचाच पेशंट हॉस्पिटलात न्यावा लागतो, तो कसला डॉक्टर."

मला कसंसंच झालं. "माझ्यामुळे..."

"तुमच्यामुळे नाही. पुन्हा तसंच झालं तर पुन्हा तसंच करीन." मग जरा थांबून, "आणि एक बरं झालं... तुम्ही आता माझ्या पेशंट नाही."

"त्यात काय बरं झालं?"

"आहे काहीतरी," म्हणाला आणि भिंतीवरचा हात धुण्याच्या सूचनांचा तक्ता मन लावून वाचू लागला.

हळूहळू अंगठा हलला. मग पाऊल वर आलं. मी नदीकाठी परत चालू लागले. आता आई सोबत यायची, आणि वाटेत तिचा खांदा धरला की ती कुरकुरायची नाही. बाबांनी गॅलरीत जुन्या खुर्चीपुढे दोन विटा मांडल्या— एक ब्रेक, एक अ‍ॅक्सिलरेटर. "पाय उचल, ठेव. उचल, ठेव. अगं, हळू! माणसं आहेत गाडीत!" त्यांचा आवाज पुन्हा ड्रायव्हरसारखा झाला होता. दवाखान्यातली माणसंही हळूहळू परतू लागली. त्यातल्या कित्येकांना आईनेच पाठवलं होतं, आणि वर दम भरला होता, "हात लावण्याआधी शंभर प्रश्न विचारील. खरी उत्तरं द्या."

पुढच्या निवडीच्या वेळी मी डॉक्टरांच्या तपासणीला गेले, टाचांवर चालून दाखवलं, आणि घाटाची चाचणी दिली. परीक्षक शेजारी बसले होते. वरच्या वळणावर गाडी थांबवून त्यांनी चढावर सुरू करायला सांगितली. माझा उजवा पाय ब्रेकवरून सुटला, अ‍ॅक्सिलरेटरवर टेकला आणि गाडी इंचभरही मागे न जाता पुढे निघाली. परीक्षकांनी नुसती मान हलवली. मी मात्र उतरल्यावर गाडीच्या मागे जाऊन पोटभर रडून घेतलं.

पहिल्या फेरीला तो आला. पुढच्याच बाकावर. मी आरशातून बघत होते— पहिल्या वळणाला तो फिकट झाला, तिसऱ्याला हिरवट, आणि वरच्या गावात पोचलो तेव्हा खिडकीची दांडी घट्ट धरून डोळे मिटून बसला होता.

सगळे उतरले. मी केबिनमधून बाहेर आले. "तुम्हाला गाडी लागते?"

"घाटात... लहानपणापासून."

"अहो, मग आलात कशाला?"

"बोलायचं होतं." त्याने डोळे उघडले. बाहेर धुकं काचेला टेकलं होतं. "तुम्ही पेशंट होतात तेव्हा बोलणं बरोबर नव्हतं. मग तुम्ही बऱ्या होत होतात, तेव्हा वाटलं, उपकाराखाली 'हो' म्हणाल. आता तुम्ही कोणाच्या उपकाराखाली नाही. आता 'नाही' म्हणालात तरी... मला सोसेल. मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून."

"पाठीकडून?"

"सगळ्या बाजूंनी," तो म्हणाला आणि घाईने तोंडावर रुमाल धरला.

मी हसले. इतकी हसले की काका दारातून डोकावले आणि लगोलग आपणहून लांब गेले. मी त्याच्या शेजारी बसले, त्याचा गार पडलेला हात हातात घेतला.

"ऐक," मी म्हणाले. "इतके दिवस वाट पाहायला लावलीस, त्याचं मी नंतर बघते. उत्तर 'हो' आहे. आता दीर्घ श्वास घे, लांब बघ, आणि घाटात फोनकडे बघायचं नाही. कबूल?"

"कबूल," त्याने डोळे मिटूनच म्हटलं. पण हात सोडला नाही.

परतीची माणसं चढली. मी सीटवर बसले, पाठ टेकवली, पाय ब्रेकवर ठेवला. खाली उतरताना मागून कोणीतरी ओरडलं, "बाई, जरा पळवा की गाडी!" काकांनी त्याला तिथल्या तिथे गप्प केलं. मी एकेक वळण अलगद घेत गेले आणि वेळेवर, कोणाच्याही पोटातलं पाणी न हलवता, गाडी खाली आणली.