मावंद्याचं गोडं पाणी

कोंडिबा पवळे तांब्याचा गडू काखेत मारून आत आले आणि म्हणाले, "साहेब, ह्यातला समुद्र चोरीला गेला."

खाजगी गुप्तहेर नीळकंठ घारपुरे यांनी आजवर दागिने शोधले होते, सायकली शोधल्या होत्या, नुसत्या सायकलीच नव्हे तर त्यांच्या घंट्यासुद्धा वेगळ्या शोधल्या होत्या, आणि एकदा भर सप्ताहातून पळालेला एक कीर्तनकारही शोधून दिला होता. समुद्र मात्र प्रथमच.

"बसा," ते म्हणाले. "केवढा होता?"

"गडूभर."

"म्हणजे फार नाही," शेजारी बसलेले त्यांचे मित्र सहस्रबुद्धे म्हणाले. सहस्रबुद्ध्यांवर त्यांच्या आडनावाचा कधीच काही परिणाम झाला नव्हता.

कोंडिबांनी सांगायला सुरुवात केली. ते पिरंगुटचे शेतकरी. त्यांची बायको साळूबाई हिला चहाचं वेड. कोंडिबा स्वतः चहाला शिवत नसत. बदक छाप चहाच्या कंपनीनं जाहीर केलं, की पुड्यावरची बदकं कापून पाठवा आणि नवरा-बायकोनं बोटीनं बेटांची सफर करा. साळूबाईनं अख्ख्या पिरंगुटात एकाही पुड्यावर बदक ठेवलं नाही. दिवाळी झाली आणि जोडपं मुंबईहून बोटीत बसलं. कोलंबो, सेशेल्स, झांजिबार, आणि पौषात घरी परत.

"कोण ईश्वास ठेवंना साहेब. लवंगा आणल्या, तर म्हणत्यात ह्या पुण्यात मिळत्यात. शिंपले दावले, तर म्हणत्यात रत्नांग्रीचं."

"पासपोर्ट?"

"हुता. सगळ्या इनामवाल्यांचा मिळून एकच. त्यो कंपनीच्या साहेबाकडं."

"मग कंपनीला विचारा."

"कंपनी आमाला हिंडवून बुडाली. साहेब कुटं हाय त्ये तिलाबी ठावं न्हाई."

एवढ्यावर निभावलं असतं. पण काशीहून आलेला माणूस जसं मावंदं घालतो, गंगेचा गडू पुजून, फोडून सगळ्यांना तीर्थ देतो आणि भावकीला जेवू घालतो, तसं कोंडिबांनीही घालावं असं भावकीनं ठरवलं. गंगा नसली तरी जेवण असणार होतं. कोंडिबांनी ते आधीच ओळखलं होतं. घरातल्या काशीच्या गडूला जोड म्हणून त्यांनी निघतानाच पुण्यात तांबट आळीतून तस्साच गडू घेतला होता. प्रत्येक बंदरावर थोडं थोडं समुद्राचं पाणी त्यात भरलं, आणि झांजिबारला बोटीवरच्या मिस्त्रीकडून झाकण कथलाचा डाग देऊन झाळून घेतलं.

काल, रविवारी, मावंदं झालं. पूजा झाली, झाकण फोडलं, पळी-पळी तीर्थ वाटलं. पाणी गोडं निघालं.

"एक टिपूस खारट न्हाई! सुस गावचं भिवाजी पाव्हणं सगळ्यांदेखत म्हणालं, 'दर्याचं पाणी आमच्या हिरीगत कसं काय, कोंडिबा?' त्यांच्या जोतिबाला आमची जया द्यायची ठरलीया. उद्या सकाळी साखरपुडा. म्हणत्यात, थापाड्याच्या घरची पोरगी नगं. आज दिस मावळायच्या आत खरं-खोटं करा, न्हाईतर सोयरीक मोडली."

"जयाचं काय म्हणणं आहे?"

"ती काय म्हणंल? कालधरनं जेवली न्हाई."

घारपुरे उठले आणि त्यांनी टोपी घातली.

---

पिरंगुटच्या एस.टी.त सहस्रबुद्ध्यांनी गडूचा तळ, पोट आणि गळा नखानं वाजवून पाहिला. भोक नव्हतं.

"नीळकंठराव, झाकण झाळलेलं, भोक नाही. मग समुद्र आत असतानाच गोडा झाला. दुसरं काय?"

"तुम्ही म्हणता तसं झालं असेल," घारपुरे म्हणाले, "तर मुंबईला पाण्याचा प्रश्न राहणार नाही."

पवळ्यांच्या ओसरीवर भिवाजी बसले होते. सोयरीक मोडायला निघालेला हा माणूस कालच्या मावंद्याचे उरलेले लाडू खात होता.

"तुम्ही अजून इथंच?" घारपुऱ्यांनी विचारलं.

"निकाल लागंस्तवर कसा जाऊ? आन् लाडवाचा काय गुन्हा?"

"तुम्ही पिरंगुटला आलात कधी?"

"काल सकाळी. पूजा चालू हुती. गडूला शिवलोसुद्दा न्हाई मी. पळीभर पाणी हातावर पडलं तेवढंच." त्यांनी लाडू खाली ठेवला. "हे बगा साहेब, मला काय हौस न्हाई सोयरीक मोडायची. पोरगी झ्याक हाय. पर समद्या सुसला सांगून बसलोय की याही बोटीनं जाऊन आला. आता मी काय तोंड दावू?"

आत साळूबाई चुलीपुढे होती. गुप्तहेर आल्याचं कळल्यावर तिनं आधी चहा टाकला.

"बाई, बोटीवर काय काय झालं ते सांगा."

"काय न्हाई झालं? ह्ये पैल्या दिसापास्नं आडवे. कोलंबो आलं तवा उठलं, म्हनलं आलं का पिरंगुट? मी म्हनलं, झोपा." साळूबाई हसली. "सेशेल्सला नारळ बघितला, ह्यो एवढा, दोन नारळ जुळे जल्मल्यावानी. झांजिबारला तर रस्त्यावर लवंगा वाळत घातलेल्या, आपल्याकडं जुंधळं घालत्यात तशा. सगळ्या बेटाला दाढ दुखल्याचा वास."

"त्रास काही झाला?"

"तरास खाऱ्या वाऱ्याचा. पायातली जोडवी काळी ठिक्कर पडली. ह्यांच्या हातातलं तांब्याचं कडं हिरवंगार. टरंकेचं कुलूप असं गंजलं, की घरी आल्यावर दगडानं फोडलं. पर एक सांगू का?" तिनं आवाज उतरवला. "हितं मी ह्यांच्या मागनं चालतीया, लगीन झाल्यापास्नं. बोटीवर कोण हुतं बगायला? ह्ये बरे झाल्यावर शेजारनं चाललो. रोज. बोलत बोलत."

दारात उभ्या कोंडिबांनी छपराकडे पाहिलं. छपरात पाहण्यासारखं काही नव्हतं.

"आणि गडू?"

"त्यो लाल खणात बांधला हुता, देवाचं म्हनून. पाणी भरताना दरवेळी खण चिंब व्हायचा, तसाच वाळायचा. घरी आल्यावर गाठसुद्दा न सोडता देव्हाऱ्यात ठिवला. शेजारी मामंजींचा काशीचा गडू, त्योबी खणात. त्याची गाठ मी वर्साला एकदा सोडती, दिवाळीला चिंच लावून घासाय. झाकण मातुर मामंजींच्या वक्तापास्नं तसंच."

"मावंद्याला गडू कुणी मांडला?"

"धोंडावन्सनी. मी ऐंशी पानांच्या सैपाकात. नंतर बगितला तर हार-फुलात लखलखत हुता. नवा गडू त्यो, लखलखायचाच की."

घारपुऱ्यांनी देव्हाऱ्यात डोकावून पाहिलं. तिथं एकही गडू नव्हता.

"काशीचा कुठं आहे?"

"त्यो शनवारी चावडीपल्याडच्या गेणबा भावजींसाठी गेला."

कोंडिबांची बहीण धोंडाबाई मावंद्याच्या मदतीला महाळुंग्याहून आली होती. ती ताक घुसळत होती आणि प्रश्नांनी तिचा हात थांबला नाही.

"शनवारी दुपारच्याला गोजराबाई रडत आली. गेणबाचं शेवटचं चाललंय, गंगा द्या म्हनली. दादा पाव्हण्यांना आवतण द्याय गेल्याला, वैनी दळणाला. मीच दिली. घटका गेली असती तर वाट बगत बसू व्हय?"

"योग्य केलंत. दोन गडू होते, दोन्ही खणात. चूक तर नाही ना झाली?"

"मी काय आंधळी हाय?" धोंडाबाई कडाडली. "दोन्ही गाठी सोडून बगितलं. जुनं कोण्चं, नवं कोण्चं, येवढं कळतंय मला. जुना गेणबाला दिला, नवा मावंद्याला ठिवला. हितं काय चूक हाय सांगा की!"

"काही नाही," घारपुरे म्हणाले. "अगदी बरोबर विचार केलात तुम्ही."

सहस्रबुद्ध्यांनी वहीत लिहिलं : धोंडाबाई निर्दोष. मग कानात कुजबुजले, "नीळकंठराव, भिवाजीच. हुंडा वाढवून हवा असणार."

तेवढ्यात खुद्द गोजराबाई तांब्या घेऊन दारात आली. "धोंडाक्का, ताक दे गं. ह्येंचं पाणी पाणी अजून थांबंना."

"गेणबा वाचले?" घारपुऱ्यांनी विचारलं.

"अवो वाचले म्हंजी! डोळे फिरल्याले, घरघर लागल्याली. तोंडात गंगा घातली आन् ताडकन उठून बसले. भडाभडा वकले, मला चार शिव्या दिल्या, आन् जे पाणी मागायला लागले त्ये तांब्यावर तांबे. आता गाव दर्शनाला येतंय. गंगामाईची करणी!"

घारपुऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "चला. सगळेच चला. भिवाजी, लाडू बरोबर घ्या हवा तर."

---

गेणबा अंगणात बाजेवर बसले होते. गळ्यात झेंडूची माळ होती. मरणाच्या दारातून परत आल्यापासून त्यांना उठून काम करायला कुणी सांगत नव्हतं, त्यामुळे प्रकृती झपाट्यानं सुधारत होती. उशाशी पाटावर गडू होता, काळपट, जागोजाग हिरवट, गळ्यातला खण उतरवलेला.

"मंडळी," घारपुरे म्हणाले, "समुद्र कुणीच चोरला नाही. तो चालत इथं आला."

सहस्रबुद्ध्यांनी गडूकडे संशयानं पाहिलं.

"घरात दोन गडू. एकाच मापाचे, एकाच घडणीचे. दोघांची झाकणं झाळलेली, दोघंही खणात. धोंडाबाई तिऱ्हाईताच्या नजरेनं बघतात. एक लखलखीत, एक हिरवा. जुना कुठला? कुणीही सांगेल, हिरवा. पण साळूबाई जुना गडू दर दिवाळीला चिंचेनं घासतात, आणि दिवाळी होऊन फार दिवस झाले नाहीत. लखलखीत तो जुना."

"आन् हिरवा?" धोंडाबाईनं विचारलं.

"खाऱ्या वाऱ्यात कोंडिबांच्या हातातलं कडं हिरवं झालं, तर खाऱ्या पाण्यात भिजलेल्या खणात गुंडाळलेला गडू कसा राहील? पण ती गाठ साळूबाईंनी सोडलीच नव्हती. आपला नवा गडू हिरवा झालाय हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे पुण्याहून आणलेला कोरा गडू होता. म्हणून मावंद्याला लखलखीत गडू दिसला तेव्हा कुणाला शंका आली नाही."

"म्हंजी काल आमी प्यालो त्ये..." भिवाजींनी विचारलं.

"कोंडिबांच्या वडलांनी आणलेली गंगा. ऐंशी माणसांना काशीचं तीर्थ मिळालं, आणि गेणबांना तीन बंदरांचा समुद्र."

अंगणातल्या काही जणांनी घाईघाईनं हात जोडले, कालचे राहिले होते म्हणून.

घारपुरे गेणबांकडे वळले. "काका, खरं सांगा. गंगेची चव कशी होती?"

गेणबांनी माळ सारखी केली. "खारट. लई खारट. मी म्हनलं, मेलेल्या माणसाला तशीच लागत आसंल. कुणाला इचारणार?"

पण भिवाजी सहजी हटणारे नव्हते. "थांबा साहेब. गडू उघडा पडलाय. मीठ काय, कुणीबी घालंल. कोंडिबाची अब्रू वाचावी म्हनून कालच्या रात्री मूठभर टाकलं आसंल तर?"

कोंडिबा मान खाली घालून उभे होते. सहस्रबुद्धे म्हणाले, "मुद्दा बिनतोड आहे."

"आहे," घारपुरे म्हणाले, "पण उशिरा आलेला आहे. गेणबा ओकले कधी? शनिवारी. पाणी पाणी करायला लागले कधी? शनिवारी. पाणी गोडं निघालं आणि भांडण झालं रविवारी. शनिवारी या गडूत मीठ घालायचं कुणाला काय कारण? कोंडिबा खोटे असते, तर मावंद्याच्या गडूत मीठ घातलं असतं. मरणाऱ्या माणसाच्या गडूत कोण घालील? आणि घशाखाली मीठ गेल्याचा साक्षीदार तर हा बाजेवर बसलाय, अजून ताक पितोय."

"आन् पुन्यांदा इचारलं तरी ह्येच सांगीन," गेणबा म्हणाले.

 भिवाजींनी पुढे होऊन तळहातावर थोडं पाणी ओतून घेतलं आणि प्याले. त्यांचा चेहरा असा काही झाला, की बाजेवरच्या गेणबांना ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

"दर्याच हाय ह्यो," ते कसेबसे म्हणाले. मग कोंडिबांकडे वळले. "याही, चुकलो. तोंड पार खारट झालं. घरात साखर हाय का?"

"हाय की."

"मग उद्यापत्तुर कुटं थांबता? पुडा बांधूनच आणा!"

मागं उभी असलेली जया गोजराबाईच्याच स्वयंपाकघरात पळाली. ती जेवायला गेली हे सगळ्यांना भांड्यांच्या आवाजावरून कळलं.

"गेणबा, गडू आमचा," कोंडिबा म्हणाले.

गेणबांनी गडू उचलून मांडीवर घेतला. "पुढल्या टायमाला मी मरंन तवा काय करू? गंगा संपली तुमच्या मावंद्यात. ह्यो हितंच ऱ्हाईल."



परत निघताना गल्लीत सगळा जथा होता. पुढे कोंडिबा चालले होते, आणि रिवाजाप्रमाणे चार पावलं मागे साळूबाई. चावडीपाशी कोंडिबा थांबले. साळूबाईही थांबली. कोंडिबा तरीही थांबूनच राहिले. मग तिनं पदर सारखा केला, पुढे आली, आणि दोघं शेजारी-शेजारी चालू लागली.

भिवाजी मागून बघत होते. "साहेब," ते हळूच म्हणाले, "ह्ये आधी दावलं आसतं तर मला पाणी प्यावं लागलं नसतं."

ओसरीवर पोचल्यावर साळूबाईनं पुन्हा सगळ्यांसाठी चहा टाकला. बदक छाप कंपनी बुडाल्यामुळे आता घरात दुसऱ्या कंपनीचा पुडा होता, हत्तीचा. कोंडिबांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"हत्ती कापून पाठवायचा का कुटं?" त्यांनी विचारलं.

"अजून तरी कुणी मागितला न्हाई," साळूबाई म्हणाली.

"मागतील," कोंडिबा म्हणाले, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी कप पुढे केला. "मलाबी वत."