काकांच्या रॅकची ऊब

दुपारचं जेवण अंगावर आलं होतं. कंट्रोल रूममध्ये ती जांभई दाबत स्क्रीनकडे बघत बसली होती. शेजारच्या सर्व्हर हॉलमध्ये तिचा नवरा होता, कूलिंगचा मेकॅनिक. वॉकी-टॉकीवर तिनं हाक मारली की तो दरवेळी आधी म्हणायचा, "बोला, बाईसाहेब." मुलगी शाळेत जायला लागली तरी त्याचा हा चावटपणा सुटला नव्हता. ती डोळे वटारायची खरी, पण एखाद्या दिवशी तो विसरला असता तर तिला घास गेला नसता.

काम तसं ऐषारामाचं. हॉलमध्ये माणसाच्या उंचीची लोखंडी कपाटं ओळीनं उभी, त्यांना रॅक म्हणायचं. आतली यंत्रं सदा तापलेली. कुठला रॅक तापला ते त्याच्या सेन्सरला कळायचं, मग यंत्रणा आपली आपण थंड पाण्याचा व्हॉल्व उघडायची, पंखे वाढवायची. माणसानं नुसतं बघत बसायचं.

एकच रॅक रिकामा होता. कोपऱ्यातला, काकांचा.

काका म्हणजे जुने मेकॅनिक. तिच्या नवऱ्याला हाताला धरून शिकवलं ते त्यांनीच, आणि तिला ते 'पोरी' म्हणायचे. सेन्सर तपासायची त्यांची रीत साधी होती. तो मुठीत धरायचा. अंगाच्या उबेनं आकडा चढला, की सेन्सर जिवंत. असाच एकदा त्या कोपऱ्यात सेन्सर मुठीत धरून ते उभे असताना त्यांचं हृदय बंद पडलं. मूठ मात्र सुटली नाही. यंत्रणेला वाटलं, रॅक तापलाय. यंत्रणेनं काकांवर गार वारा सोडला आणि ती मूठ थंडगार पडेपर्यंत सोडतच राहिली. शेवटी वायर कापून त्यांना बाहेर काढावं लागलं. पुढे नवा सेन्सर बसला, यंत्रं दुसरीकडे हलली, आणि त्या कोपऱ्यात कारणाशिवाय कुणी फिरकेनासं झालं.

त्या दुपारी त्याच रॅकचा आकडा उतरायला लागला. उतरता उतरता थंड पाण्याच्याही खाली गेला. पाण्याहून गार तिथे काही असणं शक्यच नव्हतं. तिनं वॉकीचं बटण दाबलं.

"अहो..."

"बोला, बाईसाहेब."

"काकांच्या रॅकचा सेन्सर बिघडलाय वाटतं. राहू दे, उद्या बघा."

"उद्या कशाला? इथेच तर आहे. मूठ दाखवतो त्याला."

हॉलमधले दिवे माणसाची हालचाल कळली की लागायचे आणि माणूस गेला की विझायचे. कॅमेऱ्यात तिला दिसत होतं, तो पुढे जाईल तसा दिवा त्याच्या डोक्यावर लागत होता. कोपऱ्यात पोचून त्यानं रॅकचं दार उघडलं, वॉकी आतल्या फळीवर ठेवला आणि लोंबणारा सेन्सर मुठीत घेतला.

"बापरे! काय गार आहे गं हा."

आकडा चढू लागला. सरसर चढला आणि माणसाच्या अंगाइतका होऊन थांबला. तिचा जीव भांड्यात पडला.

"चढला बघा. सेन्सर चांगला आहे. सोडा आता."

कॅमेऱ्यात तो हात ओढताना दिसत होता, चांगला हिसके देऊन ओढत होता. आणि तरी त्याच्या डोक्यावरचा दिवा विझला.

"अहो, सोडा म्हणते ना!"

"मी सोडतोय गं... हाच सोडत नाहीये..."

मग पाइपातून पाणी धावल्याचा आवाज आला आणि पंखे घोंघावू लागले. ती धावत सुटली. हॉलमध्ये पाऊल टाकताच तिच्या डोक्यावर दिवा लागला. समोरच्या अंधारातून तो चालत येत होता. एकामागून एक दिव्यांखालून आला, पण एकही दिवा लागला नाही.

"झालं काम," तो म्हणाला. तिनं त्याचा हात धरला आणि चटकन सोडला. लोखंडाला हात लावल्यासारखं वाटलं.

घरी आणून तिनं त्याला पांघरुणात गुंडाळलं, हातात वाफाळता चहा दिला. दोन घोटांतच कपातल्या चहाचं पाणी झालं. मुलीच्या तापाचा थर्मामीटर त्याच्या काखेत लावला, तर आकडाच येईना. स्वतःला लावला, तर लगेच आला. ती मुलीला पोटाशी घेऊन भिंतीला टेकून जागी राहिली. तिला भीती वाटत होती, आणि आपल्याच नवऱ्याची भीती वाटते म्हणून लाजही वाटत होती. आल्यापासून तो एकदाही बाईसाहेब म्हणाला नव्हता.

पहाटे अंधारातून आवाज आला.

"पोरी... फार दिवस गारठलो होतो गं."

उजाडताच तिनं मुलीला शेजारच्या मावशींकडे सोडलं, घराला बाहेरून कडी घातली आणि कामावर धाव घेतली. रात्रपाळीचा माणूस नाश्त्याला गेला होता. तिनं स्क्रीन बघितली. रिकाम्या रॅकचा आकडा अजून उबदार होता. पण व्हॉल्व पूर्ण उघडा होता, पंखे जिवाच्या आकांतानं फिरत होते, आणि रात्रभरात तो आकडा थोडा उतरला होता.

नवऱ्याचा वॉकी काल हॉलमधून परत आलाच नव्हता. तिनं बटण दाबलं.

"अहो..."

नुसती खरखर. मग दात वाजल्याचा आवाज.

"बो... बोला, बाईसाहेब... फार गार आहे गं इथे."

तिला रडू फुटलं. हॉलमध्ये धावत जाऊन तिनं दोन्ही हातांनी व्हॉल्व आवळून बंद केला. रॅकचं दार सताड उघडलं. फळीवर वॉकी, बाजूला लोंबणारा सेन्सर, बाकी कुणी नाही. तिनं सेन्सर मुठीत घेतला आणि छातीशी धरला. "आले मी," ती म्हणाली, "घ्या, हवी तेवढी ऊब घ्या." वॉकीतले दात हळूहळू वाजायचे थांबले. कुणीतरी सुटकेचा श्वास सोडला.

तेवढ्यात तिच्या खिशातला फोन वाजला. मावशींचा नंबर होता, पण आवाज मुलीचा.

"आई, बाबा मला न्यायला आलेत."

"बाबा? अगं, मी तर कडी..."

"त्यांनी माझा हात मुठीत धरलाय. खूप गार लागतंय गं. सोडा म्हटलं तरी सोडतच नाहीत."

"मी आले, बाळा! आत्ता आले!"

तिनं मूठ उघडायला जोर लावला. पुन्हा लावला. हाताला हिसका दिला, सगळं अंग मागे झोकून दिलं.

आणि तिच्या डोक्यावरचा दिवा विझला.