नवव्या थांब्यावरचा आवाज

"रानकुत्र्यांनी या वर्षी एकसष्ट चितळं मारली," डॉ. रघुवीर धकाते म्हणाले. "त्यांतली चोपन्न कुठे मारली ते आधी बघा, आणि मग माझ्याशी भांडा."

अवंती टेंभुर्णेने नियंत्रणकक्षाच्या पडद्यावरचा नकाशा पाहिला. कारवाडोह राष्ट्रीय उद्यानाचा नकाशा तिला तोंडपाठ होता. शिकारींचे लाल ठिपके खरं तर जंगलभर विखुरलेले असायला हवे होते. तसं नव्हतं. बारा जागी ठिपक्यांचे दाट पुंजके झाले होते आणि त्या बाराही जागा तिने स्वतः निवडलेल्या होत्या. ते श्राव्यवाटेचे बारा थांबे होते.

श्राव्यवाटेची कल्पना साधीच होती. प्रवेशद्वारावर विजेवर चालणारी, बाजूंना जाळी लावलेली हलकी गाडी भाड्याने मिळायची. पर्यटकाने ती स्वतः चालवायची. सोबत चालक नाही, वाटाड्या नाही. गाडी ज्या ठिकाणी पोचेल तिथलं निवेदन आपोआप सुरू व्हायचं. ते निवेदन अवंतीच्या आवाजात होतं. नऊ वर्षांपूर्वी एका बंद खोलीत बसून तिने पाच दिवसांत सगळं ध्वनिमुद्रण केलं आणि तेव्हापासून चाळीस गाड्या रोज तिच्या आवाजात बोलत जंगलभर फिरत होत्या. तिने 'नमस्कार' म्हटलं की अनोळखी माणसंही वळून बघायची. तिला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा? कुणाचं चोरून तर आणलेलं नव्हतं.

"म्हणजे माझ्या आवाजाने चितळं मरतात, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"हो," धकाते म्हणाले. प्राणिवर्तनाच्या अभ्यासात तीस वर्षं घालवलेला माणूस. गोड बोलायला कधी शिकलाच नाही. "आपल्या गाड्यांना इंजिनाचा आवाज नाही. गाडी आली हे जनावराला कळतं ते फक्त तुमच्या बोलण्यावरून. पहिली तीन वर्षं रानकुत्री गाड्यांना बिचकून लांब राहायची. चितळांनी ते हेरलं. हा आवाज असतो तिथे कुत्री येत नाहीत! मग ती पिल्लं घेऊन आवाजापाशी येऊन उभी राहायला लागली. लोक काय खूश व्हायचे, आठवतंय?"

"आठवतंय. सत्कार केला होता माझा."

"पण कुत्र्यांनाही डोकं आहे. त्यांच्या लक्षात आलं, हा आवाज असतो तिथे चितळं निर्धास्त उभी असतात. याला अभिसंधान म्हणतात. एखाद्या खुणेची आणि एखाद्या अनुभवाची मनात गाठ बसते. नंतर नुसती खूण मिळाली तरी शरीर आपोआप निघतं, विचाराला विचारायला थांबत नाही. फोडणीचा वास आला की तोंडाला पाणी सुटतं ना, तसंच. चितळांच्या मनात गाठ बसली, हा आवाज म्हणजे अभय. कुत्र्यांच्या मनात बसली, हा आवाज म्हणजे जेवण. आणि आज शिकार करणारी सगळी कुत्री हा आवाज ऐकतच जन्मलेली आहेत."

"मग आता करायचं काय?"

"बंद करायचा. आजपासून."

अवंती उसळलीच. "नऊ वर्षांचं काम आहे माझं, नळ नाही बंद करायला! उद्या संचालकांशी बोला. आज माझी बहीण आत गेलीय. बँकेतून रजा काढून पहिल्यांदा आलीय बिचारी. तिला तरी ऐकू द्या."

बहिणीचं नाव निमा. अवंतीपेक्षा अकरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. तिची वेणी घालण्यापासून तिची फी भरण्यापर्यंत सगळं अवंतीने केलं. 'ताईचं ऐक' हे वाक्य त्या घरात इतक्या वेळा बोललं गेलं होतं, की पुढेपुढे ते सांगावंही लागायचं नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर लाल चौकट उघडली. गाडी क्रमांक सतरा, नववा थांबा, आंबेनाला. गाडी उलटली आहे.

सतरा नंबरची गाडी निमाची होती.

लगेच ध्वनिक्षेपकातून गाडीतला आवाज ऐकू यायला लागला. खुरांचा गडगडाट, जाळीवर धडाधड आदळणारी अंगं, रानकुत्र्यांची शीळ, आणि त्या सगळ्यावर अवंतीचाच शांत, ठाय आवाज: "घाबरू नका. गाडीतच थांबा. दार उघडू नका. मदत येत आहे." दहा सेकंद गेली की पुन्हा तेच.

"ताई?" निमाचा आवाज आला. "ताई, चितळं अंगावर आली गं. गाडी पडली. हात अडकलाय माझा."

"घाबरू नका. गाडीतच थांबा."

"हो ताई. थांबते."

अवंतीने मेजावरचं गाडीशी बोलायचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मग मूठ आपटली. उपयोग शून्य. चार वर्षांपूर्वी बंद पडलेल्या गाडीतून एक पर्यटक खाली उतरला होता, कारण नियंत्रणकक्षातल्या तिघांनी त्याला तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या होत्या. अस्वलाने त्याचा चेहरा सोलून काढला. त्यानंतर नियम झाला: अपघात झाला की माणसांनी मध्ये बोलायचं नाही, फक्त ध्वनिमुद्रण बोलेल, मोठ्याने, गाडीबाहेरच्या भोंग्यावरूनही, आणि ते बंद करायचा खटका गाडीच्या पाठीमागे, वनविभागाच्या किल्लीनेच फिरेल. हा नियम अवंतीनेच भांडून करून घेतला होता.

"जेवणाची घंटा वाजतेय तिथे," धकाते म्हणाले. ते दाराकडे धावत होते.

वनरक्षक सुमन मडावी हिने उघडी जीप काढली. आठ किलोमीटरची कच्ची वाट होती. वाटेत धकात्यांच्या हातातल्या बिनतारी संचावर गाडीतला आवाज येत होता आणि तो बंद कर म्हणायची हिंमत कुणाची झाली नाही. निमा रडत होती आणि मधूनमधून त्या ध्वनिमुद्रणाला उत्तरं देत होती. "ताई, कुत्री आलीत. लाल कुत्री. ती चितळाला जिवंतपणीच खातायत गं." मग एक किंकाळी आली, आणि "हात, माझा हात."

"घाबरू नका," आवाज म्हणाला.

अवंतीने दोन्ही कान झाकून घेतले. आपलाच गळा दाबावा असं तिला वाटलं.

आंबेनाल्याच्या काठावर मडावीने करकचून ब्रेक दाबला. पुढे उतार होता, जीप जाणार नव्हती. पन्नास पावलांवर गाडी कुशीवर पडली होती. भोवतीची वाळू लाल झाली होती. पाच चितळं फाडलेली होती. सहावं अजून उभं होतं, पोट उघडं, आतडी पायांत आलेली, आणि दोन कुत्री ती ओढून खात असताना ते चितळ भोंग्याच्या आणखी जवळ सरकू पाहत होतं. धकात्यांनी ते पाहिलं आणि मान फिरवली. एकूण एकोणीस कुत्री होती. त्यांतली तीन फाटलेल्या जाळीत तोंड घालून मागे पाय रोवून काहीतरी ओढत होती. ते काहीतरी म्हणजे निमाचा डावा हात होता.

"निमे!" अवंती ओरडली. "निमे, बाहेर ये! मागच्या दाराने निघ, मचाणावर चढ!"

लोखंडी शिडीचं मचाण गाडीपासून पंधरा पावलांवर होतं. कुत्री वळून बघायला लागली. पण दार काही उघडलं नाही. निमाच्या कानाशी एक ताई सांगत होती, गाडीतच थांबा. लांबून दुसरी ताई ओरडत होती, बाहेर ये. दोघींचा आवाज एकच. जवळची ताई शांत होती, आणि ताई नेहमी शांतच बोलायची.

"थांबलेय मी ताई," बिनतारी संचातून निमा म्हणाली. "थांबलेय ना."

अवंतीने वेळ घालवला नाही. "तीही चितळांसारखीच आवाजाला धरून बसलीय," ती धकात्यांना म्हणाली. "सर, सुमनबाईंकडची किल्ली घ्या आणि खटका बंद करा. कुत्री माझ्यामागे येतील. सुमनबाई, हातभोंगा द्या आणि जीप नाल्याच्या कडेने खाली घ्या."

"म्याडम, उघडी जीप आहे जी."

"घ्या म्हणते ना!"

दोनशे पावलं खाली जाऊन अवंती जीपच्या बॉनेटवर उभी राहिली आणि भोंगा तोंडाला लावून नवव्या थांब्याचं निवेदन म्हणायला लागली. "नमस्कार. आपण आंबेनाल्यावर आला आहात. समोरच्या वाळूत दिसतात ते चितळांचे ठसे." आवाज थरथरू द्यायचा नव्हता. तिने तो थरथरू दिला नाही. गाडीवरचा भोंगा लहान होता, हा मोठा. हात ओढणारी तीन कुत्री लाल तोंडं घेऊन बाहेर आली, त्यांनी कान टवकारले, आणि सगळा कळप नाल्यातून खाली धावत सुटला.

पहिलं कुत्रं बॉनेटवर आलं ते मडावीने कुऱ्हाडीने तोडलं. दुसऱ्याने अवंतीची मांडी धरली. दात हाडापर्यंत गेले. ती ओरडली नाही, "या नाल्याला बारमाही पाणी असतं" असं म्हणाली. मडावीने त्याच्या पाठीत घाव घातला, तरी त्याने जबडा सोडला नाही. मग मडावीने त्याचं डोकंच ठेचलं. तिकडे धकात्यांनी वाकून खटका फिरवला. गाडीचा आवाज बंद झाला. त्यांनी मागचं दार उघडून निमाला ओढून काढलं आणि खांद्यावर घेऊन शिडी गाठली.

काम झालं होतं. अवंतीने तेव्हाच गप्प व्हायला हवं होतं, पण धकाते अजून शिडीवर चढले नव्हते आणि तिला आणखी एक मिनिट द्यायचं होतं. ते मिनिट महागात पडलं.

आता साऱ्या जंगलात एकच आवाज होता. निमाने तो ऐकला. कोपराखाली हाताच्या चिंध्या झालेली ती मुलगी धकात्यांच्या हातांतून निसटली, शिडीवरून पडली, उठली, आणि सरळ आवाजाच्या दिशेने धावायला लागली. वाचलेली दोन पाडसंही तिच्या बरोबरीने धावत होती.

"ताई! आले ताई!"

अवंतीने तिला पाहिलं. 'येऊ नकोस' हे शब्द ओठांपर्यंत आले. पण शब्दाचा अर्थ इथे कोण ऐकत होतं? ती ते शब्द ओरडली असती तरी निमाला ऐकू आला असता तो आवाजच. तिने भोंगा फेकून दिला आणि आपल्याच मनगटात दात रोवले.

नाल्यात एकदम सामसूम झाली. कुत्री थबकली, माना तिरप्या करून बघायला लागली. उघड्या वाळूत, कुत्र्यांपासून तीस पावलांवर, निमाही थबकली. "ताई? कुठे आहेस? हाक मार ना गं." पाडसं मात्र भेदरून उधळली, आणि पळणारी शिकार दिसल्यावर कुत्र्यांना कुठल्या खुणेची गरज उरली नाही. सगळा कळप पाडसांवर पडला. निमा त्या किंकाळ्यांमध्ये उभी राहून बहिणीला हाका मारत होती आणि बहीण वीस सेकंद, धकाते धापा टाकत तिच्यापर्यंत पोचेपर्यंत, तिच्याकडे बघत गप्प उभी होती. तिच्या तोंडात स्वतःचं रक्त होतं.

निमाचा डावा हात कोपरापासून काढावा लागला. जीव वाचला. तिसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयात ती अर्धवट शुद्धीत आली तेव्हा अवंती शेजारीच बसली होती. तिने हळूच म्हटलं, "निमे."

निमाचं सगळं अंग धनुष्यासारखं ताठ झालं. डोळे न उघडताच तिने पाय पोटाशी ओढले, सलाइनची नळी उपटली आणि ती किंचाळत सुटली. दोन परिचारिकांनी तिला धरलं. अवंती घाबरून म्हणाली, "मी आहे गं, ताई," आणि निमा पलंगावरून खाली पडली.

बाहेरच्या बाकावर धकाते बसले होते. त्यांना सांगावं लागलं नाही. दारातून सगळं ऐकू आलं होतं.

"चितळांना तीन वर्षं लागली," ते म्हणाले. "हिला अर्धा तास पुरला. हात फाटत होता तेव्हा कानाशी तुमचाच आवाज होता."

"ही गाठ सुटते का, सर?"

"सुटते कधीकधी. तुमचा आवाज आला आणि काही वाईट घडलं नाही, असं शेकडो वेळा व्हावं लागतं. अगदी हळूहळू. पण तिचं शरीर पहिल्याच वेळेला हे असं करणार असेल, तर सुरुवात कुठून करायची ते मला माहीत नाही. माफ करा."

संध्याकाळी निमा पूर्ण शुद्धीवर आली. सकाळचं तिला काहीच आठवत नव्हतं. तिने पहिलं काय विचारलं असेल, तर ताई कुठे आहे. परिचारिकेने अवंतीला आत सोडलं. निमाने उजव्या हाताने तिचा हात घट्ट धरला आणि रडत रडत बोलत सुटली: गाडी कशी उलटली, आपण अजिबात दार उघडलं नाही, तू सांगितलंस तसंच केलं. अवंती तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. बराच वेळ झाला तरी ती एक अक्षर बोलली नाही, तेव्हा निमाचा चेहरा उतरला.

"ताई, रागावलीस का गं माझ्यावर?"

अवंतीने जोरजोरात नकारार्थी मान हलवली. तोंड मात्र तिने उघडलं नाही.