शनिवारची अष्टमी

त्या शनिवारी मी इंडियन ग्रोसरीतून केळीची पानं आणणार होतो. आणली नाहीत. चहा घ्या शुभाताई, सांगतो सगळं.

माझे पणजोबा साहेबाच्या राज्यात साताऱ्याला वकील होते. कोर्टात दबदबा, पण जीव सगळा क्रिकेटमध्ये. कृष्णा नावाच्या एका गरिबावर खुनाचा खोटा आळ आला होता. त्याच्या सुनावणीच्या दिवशीच गोऱ्यांच्या टीमशी मॅच होती. पणजोबांनी हाताखालच्या नवशिक्या वकिलाला उभं केलं आणि स्वतः पायाला पॅड बांधले. मॅच जिंकली. कृष्णा फासावर गेला.

पुन्हा त्यांनी बॅट धरली नाही. कृष्णाच्या तिथीला, भाद्रपद वद्य अष्टमीला, दाराबाहेर त्याच्या नावाचं पान वाढायचं, असा नेम त्यांनी घराला लावून दिला. अमेरिकेत, शॉमबर्गला आल्यावरही आम्ही तो मोडला नव्हता.

त्या वर्षी अष्टमी शनिवारी आली आणि आमच्या मुलाच्या, मिहीरच्या क्रिकेट लीगची फायनलही. मिहीर वकीलच. चेहरा थेट पणजोबांचा.

"पान उद्या वाढू या ना," माझी बायको नीला म्हणाली. "मला फायनल मिस करायची नाहीये."

मीही मान डोलावली. इथे गणपतीसुद्धा वीकेंड बघून बसतो, तिथे कृष्णाचं काय घेऊन बसलात!

गुडघा दुखत होता म्हणून मी घरीच थांबलो. भर दुपारी बेल वाजली. दारात एक वाळका म्हातारा उभा होता. अंगात मळकी बंडी, मान खांद्यावर कलंडलेली. ओल्या सुंभाचा कुबट वास घरात शिरला. तो पायरीवर काहीतरी शोधत होता.

"वकीलसाहेब... हैत का घरात?"

कोणाचे तरी गावाकडून आलेले वडील असतील, असं मला वाटलं. "मिहीर ना? मॅचला गेलाय," मी बोलून गेलो.

"आज बी...?"

एवढंच म्हणाला. मी चष्मा सावरला तर पायरीवर कोणी नव्हतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. लगेच मिहीरला फोन लावला.

"घरी ये. आत्ताच्या आत्ता!"

"बाबा, आय ॲम नेक्स्ट इन. कॉल यू लेटर."

पहिला बॉल पडायच्या आतच तो क्रीजवर कोसळला.

मी स्वतः डॉक्टर. सगळ्या टेस्ट करून झाल्या, सगळ्या नॉर्मल. आता रोज पान वाढतो, माफी मागतो. काही उपयोग नाही, हे मला कळून चुकलंय. जन्मभर इंग्रजीत उत्तर देणारा माझा मुलगा रोज सकाळी माझ्यापुढे हात जोडतो. "साहेब... माझी तारीख कवा हाय?"



आणि तो उभा राहिला, की नीला खाली बसते आणि त्याच्या तळपायांखाली हात घालून बघते. रोज तिचा हात जमीन आणि तळपायांच्या मधून अलगद आरपार जातो.