काजळी सांडणारा कंदील

"चाक चोरीला गेलंय, असं सरळ सांगू या," निहार म्हणाला.

"कुणाला सांगतोस? सगळे नुसतं 'बघू' म्हणतात," आर्या, त्याची मोठी बहीण, वैतागून म्हणाली.

बहारीनमधल्या जनाबियातल्या त्यांच्या कंपाउंडमध्ये मूळचे इंग्रज असलेले लेनर्ड आजोबा सर्वांत जुने रहिवासी. चारशे वर्षांपूर्वी लंडनला पार्लमेंटखाली बंदुकीची दारू लपवणाऱ्यांचा कट पाच नोव्हेंबरला फसला. तेव्हापासून इंग्लंडमध्ये त्या रात्री आतषबाजी होते. आजोबांनी ती प्रथा इथे पन्नास वर्षं जपली होती. रीतसर परवानगी काढून ते एका लाकडी चाकाला दारूची नळकांडी बांधत. ती पेटली की चाक ठिणग्या उडवत गरगर फिरे. मग पेटवणाऱ्याचं नाव तापलेल्या सळईने त्याच चाकावर उमटवलं जाई. यंदा तो मान आर्याचा होता. सात तारखेला आजोबा कायमचे इंग्लंडला चालले होते, उद्या पाच तारीख, आणि क्लबहाउसच्या कोठीतून चाकच गायब!

मॅनेजर म्हणाले, नवीन बनवून घ्या. ते ऐकून आर्याला जास्तच वाईट वाटलं. नवीन चाकावर जुनी नावं कुठून येणार?

सुट्टीचे तीन दिवस शोधण्यातच गेले होते. अस्कर गावातल्या कारखान्यात इंजिनियर असलेल्या बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, असेल इथेच कुठेतरी. त्यांचं सगळं लक्ष दिवाळीसाठी स्वतः बनवून क्लबहाउसच्या हॉलमध्ये टांगलेल्या भल्यामोठ्या आकाशकंदिलात होतं. वसुबारसेपर्यंत कुणी त्याला हात लावायचा नाही, अशी त्यांची ताकीद होती. कंदिलाखाली आईने सरावाची रांगोळी काढली होती. ती तिसऱ्यांदा काळी झाली म्हणून मुलांनाच बोलणी बसली. आर्याला रडूच यायचं बाकी होतं.

त्यांची मैत्रीण खदिजा, मूळची रत्नागिरीची, त्यांच्याबरोबर फरशी पुसता पुसता थांबली. तिने बोट नाकाशी नेलं.

"ही काजळी आहे. फटाक्यांचा वास येतोय. नव्या कंदिलातून काजळी कशी पडेल?"

निहारने खालून टॉर्च मारला. तिघंही वर बघतच राहिली.

आता बाबांना सांगितलं असतं, तर 'दिवाळीनंतर बघू' हे ठरलेलं! म्हणून आर्याने युक्ती केली. कंदील कसा बनवला ते सर्वांना समजावून सांग, असा तिने लाडिक हट्ट धरला. बाबा खूश झाले. संध्याकाळी अर्धं कंपाउंड जमलं, लेनर्ड आजोबाही आले.

"बाबा, आतला सांगाडा कुठून आणलास?" निहारने विचारलं.

"कोठीत जुनं, काळंकुट्ट लाकूड पडलं होतं. नीट बघितलंही नाही, पण अगदी मापाचं मिळालं."

निहारने टॉर्च लावला. खदिजा मान वर करून मोठ्याने वाचू लागली, "मार्गरेट, एकोणीसशे शहात्तर. इलियास, एक्क्याऐंशी..."

आजोबा काठी टेकत पुढे आले. कडेचं एक नाव आर्याने वाचलं.

"राजन, दोन हजार आठ."

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. "माझं बहारीनमधलं पहिलं वर्ष," ते पुटपुटले. मग स्वतःच शिडी आणून त्यांनी कंदिलाचा कागद फाडला, आतलं चाक सोडवलं आणि सर्वांसमोर आजोबांची माफी मागितली.

आजोबांनी मुलांच्या पाठी थोपटल्या. चाक सांभाळायला आता योग्य माणसं मिळाली, असं ते इंग्रजीत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आर्याने पेटवलेलं चाक झकास फिरलं. ते थंड झाल्यावर बाबांनी सळई तापवली आणि ते आपल्या नावाखाली आर्याच्या नावासाठी जागा शोधू लागले.

"बाबा," आर्या म्हणाली, "ह्या वेळी बघून ठेव हं, काय लिहितोयस ते."