ओली उशी

जवळ सरका, आणि मध्येच खिदळू नका. ही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलेली आहे.

तिचे वडील गाद्या-उशा भरायचे. कापसात लोळतच वाढलेली पोरगी. लग्न झालं औषधांच्या दुकानदाराशी. इतका शांत माणूस, की चहासुद्धा आवाज न करता प्यायचा. "तुझ्याआधी माझ्या आयुष्यात कुणी नव्हतं," असं तो पहिल्याच भेटीत म्हणाला, आणि बाईसाहेब तिथेच विरघळल्या.

एकच कुरकुर होती. तिची उशी रोज सकाळी ओली असायची.

"डोक्याला तेल थापतेस ना, म्हणून," नवरा म्हणायचा. "अभ्रा बदल की झालं. उसवत बसू नकोस, नवीकोरी आहे."

पण गादीवाल्याची लेक ती, गप्प बसतेय होय? मार्चमधला दुसरा शनिवार होता. नवरा दुकानात गेला तशी तिनं शिवण उसवली. कापसाची उशी पाण्यात बुडवायची नसते, गोळे होतात. कापूस काढून उन्हात घालायचा आणि खोळ तेवढी धुवायची. तिनं आत हात घातला आणि थबकली. कापूस जुना होता, पिवळा पडलेला, मधोमध दबून घट्ट झालेला. वर्षानुवर्षं एकच डोकं टेकल्याशिवाय कापूस तसा दबत नाही. कुणीतरी बिचाऱ्याला फसवून जुना माल गळ्यात मारला असणार, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. कापूस हातानं मोकळा केला, दिवसभर गच्चीवर वाळवला, आणि संध्याकाळी कडकडीत कोरडी उशी शिवून टाकली.

त्याच रात्री, दोनच्या सुमाराला तिला जाग आली. गाल ओला. तिनं उशी पालटली. ती बाजूही ओली.

ती उठून बसली. खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड येत होता. उशीवर कुणी नव्हतं. पण उशी दबत होती... हळूहळू... मधोमध. मग हुंदका. अगदी बारीक.

"अहो..." म्हणायला गेली.

तेवढ्यात नवऱ्याचा हात आला. डोळे मिटलेलेच. त्या खळग्यावरून हात फिरू लागला. सवयीनं.

"शू..." तो पुटपुटला. "हळू रड. ही जागी होईल."

...

सकाळी त्यानं कबूल केलं. पहिली बायको होती. ती याच खोलीत गेली.

"आधी सांगितलं असतं, तर आली असतीस का तू?" वर हे!

भुताची भीती नाही वाटली, असं बहीण सांगायची. तो हात आठवला की मात्र अंगाचा तिळपापड व्हायचा. रोज रात्री तिच्या शेजारी झोपून हा माणूस दोघींना फसवत होता. तिनं बॅग भरली. उशी तिथेच ठेवली.

माहेरी वडिलांनी तिच्या डोळ्यांदेखत नवा कापूस भरून उशी शिवून दिली. त्या रात्री डोळ्यांतून टिपूसही न काढता ती झोपली.

सकाळी नवऱ्याचा फोन. रडत होता.

"उशी कोरडी आहे गं... तीही गेली."

तिनं वळून बघितलं. नव्या उशीवर तिच्या डोक्याचा खळगा होता. कोरडा.

आणि त्याला लागून... दुसरा. ओला.