न्हाणीमागचा खड्डा

अर्थिंग करून घेते आहेस ना अहिल्या? घे बाई, जरूर घे. नव्या घरात बिऱ्हाड मांडलं की आधी तारा तपासून घ्याव्या, हे मी सगळ्यांनाच सांगते. फक्त मिस्त्री खड्डा कुठे खणतो ते स्वतः उभं राहून बघ. का, ते सांगते. तो कंदील जरा इकडे सरकव, लाइट काही इतक्यात येत नाही.

आम्ही तेव्हा इथेच बालाघाटात, स्टेशनच्या पलीकडे भाड्याने राहत होतो. हे जंगल खात्यात, त्यामुळे महिन्यातले अर्धे दिवस बैहरच्या दौऱ्यावर. घर हवेशीर होतं, पण न्हाणीतल्या नळाला हात लावला की कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्या. आम्ही दोघांनी ते चालवून घेतलं असतं. पण सुनीती, माझी एकुलती एक लेक, वारासिवनीहून पहिल्या बाळंतपणाला येणार होती. किती वर्षांनी, किती नवससायास करून दिवस राहिलेले! ओल्या अंगाची बाळंतीण आणि असला नळ? मी दुसऱ्याच दिवशी भैयालाल मिस्त्रीला बोलावणं धाडलं.

शी! त्या माणसाची आठवण आली तरी मला अजून तोंड धुवावंसं वाटतं. गालात सदा तंबाखू-सुपारीचा खर्रा, हनुवटीवर त्याचा लाल ओघळ. वायर सोलायची ती दातांनी, आणि लाळेने भिजलेली टोकं तशीच बोर्डात खुपसायची. थुंकला कुठे? माझ्या तुळशीच्या कुंडीत! मी म्हटलं, "अरे मेल्या, घर आहे का उकिरडा?" तर हसतो कसा.

"बाई, घराले अर्थिंगच नाही," म्हणाला. "खड्डा खोदू, पाइप गाडू, भोवताल कोळसा अन् मीठ भरू. रोज एक बालटी पाणी टाकत जा, बस. शॉक खतम."

न्हाणीचं पाणी बाहेर पडायचं तिथली माती बारा महिने ओली. त्याने तीच जागा धरली. ओल्या मातीत अर्थिंग चांगलं होतं म्हणे, आणि खणायलाही कष्ट नाहीत. मी स्वयंपाकघरात होते. पहार मारताना खळ्ळकन आवाज आला.

"काय फुटलं रे?"

"काही नाही बाई. दगड होता."

नळाचा शॉक गेला हे खरं. मी रोज सकाळी न विसरता त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत होते. आठवडा गेला असेल नसेल, घरात वास सुटला. तान्ह्या मुलाने दूध ओकलं आणि ते कपड्यात तसंच राहिलं की येतो ना, तो आंबूस वास. अजून घरात तान्हं मूल नव्हतं बरं! मला वाटलं बोर्डात पाल मेली. हुंगत हुंगत गेले तर वास खरंच बोर्डातून येत होता, आणि एकाच नाही, प्रत्येक बोर्डातून. काळी बटणं चिकट झाली होती. दाबून बोट काढलं की पांढरी तार ओढली जायची. भिंतीवरून मुंग्यांची रांग सरळ आत. मी रॉकेलने पुसलं, नवसागराने पुसलं, नाकाला पदर लावून उलट्या आवरत पुसलं. सकाळी पुन्हा तेच.

सुनीतीला मुलगा झाला, सरकारी दवाखान्यात. सुखरूप घरी आणली. तेल लावायला, न्हाऊ घालायला शेजारची तुळसाबाई यायची. त्या आळीतली अर्धी पोरं तिच्याच हातची. पहिले चार दिवस सुनीतीला दूध असं की पदर भिजायचा. मग एकाएकी आटलं. अळीव झाले, शतावरी झाली, डिंकाचे लाडू झाले. बाळ छातीशी लागायचं, दोनदा ओढायचं आणि तोंड सोडून किंचाळायचं. डब्याचं दूध पोटात ठरेना. दिवसागणिक त्याचा चेहरा म्हाताऱ्यासारखा होत चालला. शेवटी रडायचं ते नुसतं तोंड उघडून, आवाजच निघत नव्हता. हे पोर आपल्या हातून जाणार, असं मला वाटायला लागलं होतं.

एका संध्याकाळी लाइट गेले. मी दिवा घेऊन बाळंतिणीच्या खोलीत गेले. दारातच थांबले. चुटूक... चुटूक... चुटूक... बाळ पीत होतं. देवा, पावलास रे बाबा! मी हळूच दिवा वर केला.

बाळ खाटेवर एकटं पडलं होतं, तोंड उघडं. सुनीती भिंतीला टेकून गाढ झोपली होती. पोलक्यापासून निघालेला दुधाचा ओला पट्टा भिंतीवरून वर चढत गेला होता... वर, अहिल्या... बोर्डापर्यंत. चुटूक चुटूक तिथे चाललं होतं.

कुठून धीर आला कोण जाणे, मी बटणावर बोट ठेवलं. लाइट गेलेले होते, म्हणजे शॉकचा प्रश्नच नाही. बटण कोमट होतं. मऊ होतं. आणि त्याने माझं बोट धरलं. दात नव्हते गं... नुसत्या हिरड्या. धरलं आणि ओढलं.

बोट हिसडून मी अंगणात धावले आणि भडाभडा ओकले. कुंपणापलीकडून तुळसाबाई आली. मी सांगत गेले तशी ती खाली बसत गेली.

"अर्थिंग कुठं केलं म्हनता बाई?"

"न्हाणीमागे."

"अगं माय... तिथं काहून खोदू देलं? तिथं घरमालकिनीच्या लेकराइच्या नाळा-वारा पुरल्या हायेत. बाळंतिनीचं पानी पडत राह्यलं की दूध आटत नाही, म्हनून. अन्..." ती इकडेतिकडे बघून पुटपुटली, "एक नुसती वार नाही. सगळंच हाय. जल्मलं अन् आईच्या छातीले लागायच्या आधीच गेलं. नदीवर नेऊ देईना मालकीन. म्हने, माह्या न्हाणीचं पानी तरी पडू द्या त्याच्यावर. म्या माह्या हातानं गाडग्यात ठेवलं होतं, बाई."

सकाळी भैयालालला धरून आणला. खड्डा उकरला. कोळशावर थर दिलेल्या मिठाचा घट्ट चोथा झाला होता, फाटलेल्या दुधासारखा. त्याचा भपका आला तसा तो खर्रा टाकून बाजूला झाला. पाइपाच्या तळाशी गाडगं दिसलं. पाइप त्याच्यातून आरपार गेलेला.

"हा तुझा दगड?" मी ओरडले.

"मले वाटलं लोनच्याचं जुनं गाडगं असंन... आत मऊ लागलं बाई, पाइप सरकन गेला."

मऊ लागलं म्हणे! मी त्याला काय काय बोलले ते तुझ्यासमोर सांगत नाही. तुळसाबाईने पाइप काढवला, गाडग्याची खापरं आणि त्यातलं जे होतं ते लुगड्याच्या पदरात घेतलं आणि वैनगंगेच्या काठी पुरून आली. नवा खड्डा रस्त्याच्या बाजूला झाला. सुनीती आतच होती. कच्च्या बाळंतिणीला कोण सांगणार असलं? अर्थिंग बिघडलं होतं, एवढंच सांगितलं. मी, तुळसाबाई आणि भैयालाल, चौथ्या माणसाला हे ठाऊक नव्हतं. ह्यांनासुद्धा नाही.

त्याच संध्याकाळी तिला पान्हा फुटला. बाळ घटाघटा प्यायलं. मी देवापुढे बसून पोटभर रडून घेतलं. महिन्याभरात पोर गुटगुटीत झालं आणि दोघं वारासिवनीला गेली.

दिवाळीनंतर मी भेटायला गेले. बाळ एवढं बाळसेदार की उचलवेना. पण माझी लेक! गालाची हाडं वर आलेली, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. सासू बिचारी सांगत होती, वेळेवर जेवते, तूप-दूध सगळं घेते, तरी अंगी लागत नाही.

दुपारी ती बाळाला पाजत बसली. एका बाजूला बाळ, आणि दुसऱ्या मांडीवर पदर पसरून तो हाताने हळूहळू थोपटत होती. तो आंबूस वास मला उंबऱ्यातच आला होता.

"सुनी, ती बाजू झाकून का बसलीस गं?"

"दोन्हीकडून ओढ लागते आई," ती म्हणाली. अगदी सहज.

मी पुढे होऊन पदराला हात घातला, तर तिने माझं मनगट धरलं. हाडांचा नुसता सापळा, पण जोर केवढा!

"राहू दे ना आई," ती हळूच म्हणाली. "झोपतंय आता. त्याच्या आईने पाजलंच नव्हतं गं त्याला."